पंतोजींच्या ओसरीपासून प्रवेशपरीक्षेपर्यंत : कसबा बावडा आणि कोल्हापूरच्या शिकवण्यांचा इतिहास

कसबा बावडा हे कोल्हापूर शहराच्या उत्तरेला पंचगंगेच्या काठी वसलेले जुने गाव. आज ते महापालिकेच्या हद्दीत असले तरी शेतीवाडी, तालमी आणि भावकी यांमुळे त्याचे गावपण टिकून आहे. नदीकडच्या अंगाला ऊसमळे, राजाराम बंधारा आणि छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना आहे. शहराकडून बावड्याला येणाऱ्या रस्त्यावर नवा राजवाडा लागतो. शिक्षणाच्या इतिहासात या गावाची नोंद दोन कारणांनी घ्यावी लागते. २६ जून १८७४ रोजी येथील लक्ष्मीविलास राजवाड्यात राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. त्यानंतर ११० वर्षांनी, १९८४ मध्ये, याच गावात डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. एका टोकाला खास शिक्षक नेमून घडवला गेलेला राजपुत्र आहे. दुसऱ्या टोकाला प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर जागा मिळवण्यासाठी क्लासला जाणारा शेतकऱ्याचा किंवा कामगाराचा मुलगा आहे. या दोन टोकांच्या मधल्या काळात शिकवणी ही राजघराण्याची सोय न राहता घराघरातला मासिक खर्च झाली. तो बदल कसा घडला, हा या लेखाचा विषय आहे.

पंतोजी आणि राजपुत्रांचे शिक्षक

इंग्रजी अमलाच्या आधी शिकणे आणि शिकवणी यांत आजच्यासारखा फरक नव्हता. गावातले पंतोजी ओसरीवर, देवळात किंवा एखाद्या सावकाराच्या वाड्यात मुले जमवत. धुळाक्षरे, उजळणी, पावकी, निमकी, पाऊणकी, तोंडचे हिशेब आणि मोडी वाचन-लेखन एवढा त्यांचा अभ्यासक्रम असे. वर्ग, इयत्ता, वार्षिक परीक्षा असे काही नव्हते. पालक महिन्याला थोडे पैसे, सुगीत धान्य आणि सणाला शिधा देत. सरकारची सनद किंवा वेतन पंतोजींना नसे. त्या अर्थाने ही सगळीच शाळा खासगी होती. कुलकर्णी, व्यापारी आणि सावकार यांच्या मुलांना हिशेब व पत्रव्यवहारापुरते ज्ञान त्यातून मिळे. शेतकरी, बलुतेदार आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले बहुतेक बाहेरच राहत. मुलींसाठी तर हे दार जवळजवळ बंदच होते.

राजघराण्यांची रीत वेगळी होती. संस्थानिकांच्या मुलांनी इंग्रजी, इतिहास आणि कारभार शिकावा असा ब्रिटिश सरकारचा आग्रह असे. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्रजी शिकलेले होते. १८७० मध्ये ते युरोपच्या प्रवासाला गेले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्स येथे वारले. त्या प्रवासातली त्यांची रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केली.

शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. पाळण्यातले नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. १८८५ पासून त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात ठेवण्यात आले. मॅक्नॉटन हे तेथील प्राचार्य. तेथून आल्यावर १८९० ते १८९४ या काळात धारवाडला त्यांचे शिक्षण झाले. स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर या सनदी अधिकाऱ्याची त्यासाठी शिक्षक म्हणून नेमणूक झाली होती. पुढे कोल्हापूरचे दिवाण झालेले रघुनाथ व्यंकाजी सबनीस हेही त्या शिक्षकवर्गात होते. महाराजांबरोबर त्यांचे धाकटे बंधू बापूसाहेब घाटगे आणि आणखी काही राजपुत्र शिकत. इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, कायदा आणि राज्यकारभार हे विषय होतेच. त्यांच्या जोडीला हिंदुस्थानभर दौरे काढून प्रत्यक्ष पाहणीही करवली गेली. मोजक्या विद्यार्थ्यांना एक समर्थ शिक्षक, प्रत्येकाच्या गतीने चालणारा अभ्यास आणि परीक्षेच्या तारखेची घाई नाही, असे हे शिक्षण होते. फ्रेझर यांनी पुढे म्हैसूरच्या कृष्णराज वोडेयार यांनाही शिकवले. २ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा त्यांच्या मागे या खासगी शिकवणीचा अनुभव होता.

मॅट्रिकचा दरवाजा

शिकवणीला परीक्षेची जोड मिळाली ती मुंबई विद्यापीठामुळे. १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. कॉलेजात जायचे तर मॅट्रिक व्हावे लागे. त्यामुळे मॅट्रिक हीच त्या काळची प्रवेशपरीक्षा ठरली. इंग्रजी हा तिचा कणा होता आणि बहुसंख्य मुले नापास होत ती इंग्रजीतच. मराठी सातवीनंतरची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा खालच्या पायरीवर होती. ती झाली की प्राथमिक शिक्षक किंवा कारकून म्हणून नोकरी मिळे. परीक्षेचा निकाल आणि पगाराची नोकरी यांची अशी थेट गाठ पडल्यावर, घरी येऊन इंग्रजी आणि गणित पक्के करून देणाऱ्या मास्तरांना मागणी आली.

कोल्हापुरात १८५१ मध्ये इंग्रजी शाळा निघाली होती. तीच पुढे राजाराम हायस्कूल म्हणून नावारूपाला आली आणि १८८० मध्ये तिच्यातून राजाराम कॉलेज उभे राहिले. महादेव गोविंद रानडे यांचे बालपणीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. गोपाळ कृष्ण गोखले कागलहून कोल्हापुरात शिकायला आले, १८८१ मध्ये मॅट्रिक झाले आणि राजाराम कॉलेजात दाखल झाले. थोरल्या भावाच्या तुटपुंज्या पगारातून त्यांचा शिक्षणखर्च चाले. त्या पिढीतले कितीतरी विद्यार्थी माधुकरी मागून, वार लावून जेवून आणि लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन शिकले. स्वतःच्या शिक्षणाचा खर्च शिकवणीतून काढणारा गरीब विद्यार्थी आणि आपल्या मुलासाठी तो खर्च करू शकणारा वकील, मामलेदार किंवा व्यापारी, अशी या व्यवहाराची दोन अंगे होती.

समूहाने चालणाऱ्या परीक्षा-वर्गाचे एक ठळक उदाहरण पुण्यात घडले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यानंतर बाळ गंगाधर टिळकांनी वकिलीच्या परीक्षांसाठी लॉ क्लास चालवला. हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर या परीक्षांची तयारी तेथे करून घेतली जाई. मुंबई इलाख्यात या प्रकारचा हा पहिलाच वर्ग मानला जातो. केसरी आणि मराठा ही पत्रे तोट्यात असताना टिळकांच्या घरखर्चाला या वर्गाचा आधार होता. परीक्षा सरकारची, अभ्यासक्रम ठरलेला, शिकवणारा नामांकित आणि फी विद्यार्थ्यांकडून, ही आजच्या कोचिंग क्लासची सगळी लक्षणे त्यात दिसतात.

वसतिगृहांची वाट

शिकवणीची फी भरू शकणारा आणि न भरू शकणारा यांच्यातले अंतर शाहू महाराजांना दिसत होते. बावड्यातला किंवा करवीर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरचा मुलगा हुशार असला तरी हायस्कूलसाठी शहरात राहणार कुठे, जेवणार काय आणि संध्याकाळी त्याचा अभ्यास पाहणार कोण, हे प्रश्न शाळेच्या फीपेक्षाही मोठे होते. महाराजांनी याचे उत्तर वसतिगृहांत शोधले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. त्यानंतर १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह आणि १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग, अशी मालिकाच उभी राहिली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

वसतिगृह म्हणजे केवळ राहण्या-जेवणाची सोय नव्हती. तेथे अभ्यासाची वेळ बांधलेली असे, वरच्या वर्गातली मुले खालच्यांना शिकवत आणि अधीक्षक अडचणी सोडवत. धनिकाच्या घरी मास्तर येऊन जे करत, ते बोर्डिंगात सामुदायिक पद्धतीने आणि फुकट किंवा नाममात्र खर्चात होई. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. त्या जागा भरायला शिकलेली माणसे हवी होती आणि ती घडवण्याचे काम बोर्डिंगांनी केले. १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला. ज्याला स्वतःला निवडक शिक्षकांची शिकवणी मिळाली, त्याने तिचा लाभ प्रजेपर्यंत नेण्याची व्यवस्था केली. कोल्हापूरच्या शैक्षणिक इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

या परंपरेतला एक विद्यार्थी पुढे स्वतःच शिकवण्या घेत मोठा झाला. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कूलमध्ये शिकत होते. बोर्डिंगातून बाहेर पडावे लागल्यावर काही काळ त्यांना शाहू महाराजांचा आसरा मिळाला. मॅट्रिकची पायरी त्यांना ओलांडता आली नाही. त्यानंतर साताऱ्यात त्यांनी खासगी शिकवण्या सुरू केल्या आणि पाटील मास्तर म्हणून नाव कमावले. शिकवण्यांतून चांगली मिळकत होत असतानाही गरीब मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. कमवा आणि शिका हे तत्त्व आणि सर्व जातींची एकत्र वसतिगृहे हे रयतचे वैशिष्ट्य ठरले.

मास्तरांच्या घरची शिकवणी

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच सुमारास मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. परीक्षा आली. हायस्कुले तालुक्यांच्या गावी आणि मोठ्या खेड्यांत पोहोचली, मुलांची संख्या वाढली आणि शाळेतल्या एका तुकडीत पन्नास-साठ मुले बसू लागली. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांना पदवीसाठी पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांकडे पाहण्याची गरज राहिली नाही.

या काळातली शिकवणी म्हणजे शाळेतल्याच एखाद्या नावाजलेल्या गुरुजींच्या घरची बैठी खोली. सकाळी शाळेआधी किंवा संध्याकाळी दिवेलागणीनंतर आठ-दहा मुले सतरंजीवर बसत. भिंतीवर छोटा फळा असे. इंग्रजी, गणित आणि संस्कृत हे शिकवणीचे मुख्य विषय. इंग्रजीसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि गणितासाठी मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका वापरल्या जात. फी महिन्याला ठरलेली असे, पण परिस्थिती नसलेल्या मुलाला गुरुजी फुकट बसवून घेत. शिकवणी लावणे ही काहीशी संकोचाची बाब होती, कारण मुलगा कच्चा असल्याची कबुली दिल्यासारखे होई. हुशार मुलगा शाळेच्या बळावर पुढे जातो, असाच लोकांचा समज होता.

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत या घरगुती शिकवणीला एक सशक्त पर्याय वाढत होता. इयत्ता चौथी आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी शिक्षक शाळेआधी व शाळेनंतर जादा तास घेत, रात्रीच्या अभ्यासिका चालवत, सुटीतही मुलांना बोलावत. पुढे ही परीक्षा पाचवी आणि आठवीला नेण्यात आली. तिच्या गुणवत्ता यादीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यांची नावे सातत्याने झळकत आली आहेत. भुदरगड, राधानगरी आणि कागल या तालुक्यांनी त्यात विशेष नाव मिळवले. शहरातल्या महापालिका शाळांपैकी जरगनगरच्या विद्यामंदिरात प्रवेशासाठी पालकांच्या रांगा लागतात, त्यामागे हीच मेहनत आहे. जादा तासांची वेगळी फी नसते. शिष्यवृत्तीच्या निकालावर शाळेची आणि गावाची प्रतिष्ठा ठरत असल्याने ग्रामस्थही वीज, जागा आणि चहापाण्याची सोय करत.

जागा, गुण आणि क्लास

१९७५ मध्ये महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा झाली. अकरावी-बारावी ही दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात आली आणि शालान्त परीक्षेसोबत बारावी हाही आयुष्याचा टप्पा बनला. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेश बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित किंवा जीवशास्त्र यांच्या गुणांवर मिळत. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला जवळची महाविद्यालये मोजकी होती. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी १९६० चे आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. जागा थोड्या आणि इच्छुक अनेक असल्याने अर्धा-एक गुणही निर्णायक ठरे.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी कोल्हापुरात केआयटी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढच्या वर्षी कसबा बावड्यात डी. वाय. पाटील अभियांत्रिकी आणि १९८९ मध्ये त्याच समूहाचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. जागा वाढल्या म्हणजे स्पर्धा कमी होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलटे झाले. ज्या घरांत इंजिनिअर होण्याचा विचारही कधी झाला नव्हता, तेथे तो होऊ लागला. ऊस, दूध आणि कारखान्याची नोकरी यांतून चार पैसे हाती आलेल्या कुटुंबांनी मुलांना विज्ञान शाखेला घातले. कमी फीच्या जागेसाठी जास्त गुण आणि जास्त गुणांसाठी क्लास, असे गणित घराघरांत मांडले जाऊ लागले. घराजवळ महाविद्यालय आल्यामुळे बावड्यात पदवी डोळ्यांसमोर आली, आणि तिथे पोहोचण्याचा रस्ता मात्र क्लासमधून जाऊ लागला.

क्लासची गरज वाढवणारे आणखी एक कारण भाषेचे होते. कोल्हापूरच्या ग्रामीण भागातील बहुसंख्य मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकत. अकरावी विज्ञानाला गेल्यावर वेग, त्वरण, संयुजा, विकलन हे सगळे शब्द एकदम इंग्रजीत येत. वर्गात शंभरावर मुले, प्राध्यापकांची घाई आणि पुस्तके अनोळखी भाषेत. अशा वेळी मराठीतून समजावून सांगणारा आणि इंग्रजीत लिहायला लावणारा क्लास हाच विद्यार्थ्याचा आधार ठरला. दहावीच्या परीक्षेनंतर एप्रिल-मेमध्ये भरणारी व्हेकेशन बॅच याच गरजेतून रूढ झाली.

१९९० च्या दशकात क्लास हा पूर्ण वेळचा व्यवसाय झाला. मास्तरांच्या खोलीऐवजी भाड्याचे मजले, बाकांच्या रांगा, छापील नोट्स, दर रविवारची चाचणी, वर्तमानपत्रांत निकालाच्या पानभर जाहिराती आणि चौकाचौकांत गुणवंतांचे फलक दिसू लागले. चाटे कोचिंग क्लासेससारख्या नावांनी जिल्ह्याजिल्ह्यांत शाखा उघडल्या. नवनीतची गाईडे आणि २१ अपेक्षित प्रश्नसंच घरोघरी पोहोचले. कोणता प्रश्न येईल याचा अंदाज बांधून तेवढेच घोटण्याची सवय त्यामुळे वाढली.

याच काळात लातूर पॅटर्न गाजला. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि नंतर प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या कारकिर्दीत ही पद्धत आकाराला आली. अभ्यासक्रम लवकर संपवणे, पुन्हा पुन्हा सराव चाचण्या, उत्तरपत्रिका तपासून प्रत्येक मुलाच्या चुका दाखवणे आणि सुटीतही वर्ग घेणे, ही तिची सूत्रे होती. महाविद्यालयाच्याच प्राध्यापकांनी ती राबवली, हे तिचे मूळ बळ होते. पुढे लातूरमध्ये खासगी क्लासची मोठी वसाहत उभी राहिली. कसबा बावड्यात जन्मलेल्या राजाचे नाव धारण करणाऱ्या महाविद्यालयात आधी सार्वजनिक शिक्षणाच्या चौकटीतच यश मिळवून दाखवले गेले होते, ही गोष्ट मात्र मागे पडली.

सीईटी, जेईई आणि नीट

१९९९ पासून राज्यात वैद्यकीय प्रवेशासाठी सामायिक प्रवेशपरीक्षा (सीईटी) सुरू झाली आणि पुढे काही वर्षांत अभियांत्रिकीलाही ती लागू झाली. विभागीय मंडळांच्या गुणदानातला फरक आणि बारावीला होणारी कॉपी यांवर उपाय म्हणून सीईटीचे स्वागत झाले. तिने अभ्यासाची तऱ्हाच बदलली. बारावीला पायऱ्या मांडून, आकृत्या काढून उत्तर लिहावे लागते. सीईटीला चार पर्यायांतून एक निवडायचा आणि एका प्रश्नाला मिनिट-दीड मिनिट द्यायचे. कॉलेज पहिली पद्धत शिकवत होते, दुसरी शिकवणारे कुणी नव्हते. ती पोकळी क्लासने भरली.

आयआयटीची संयुक्त प्रवेशपरीक्षा (जेईई) १९६१ पासून होत होती, पण कोल्हापुरातून तिच्या वाटेला जाणारे फार थोडे असत. राजस्थानातल्या कोटा शहरात विनोदकुमार बन्सल यांनी घरगुती शिकवणीतून सुरुवात केली आणि १९९१ मध्ये बन्सल क्लासेस उभे केले. तेथून कोटा पॅटर्न देशभर पसरला. अकरावीच्या पहिल्या दिवसापासून दोन वर्षांची बॅच, गुणांनुसार तुकड्या, दर पंधरवड्याला क्रमवारी आणि नापास झाल्यास वर्षभराची रिपीटर बॅच, ही रचना महाराष्ट्रातल्या क्लासनीही उचलली.

यानंतर परीक्षांचे नियम वारंवार बदलले. वैद्यकीय प्रवेशाची देशव्यापी परीक्षा असलेली पहिली नीट ५ मे २०१३ रोजी झाली आणि १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्यातले अभियांत्रिकी प्रवेश जेईई मेन्सच्या आधारे झाले. २०१६ मध्ये राज्य पुन्हा सीईटीकडे वळले. ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने आपला आधीचा निकाल मागे घेतला आणि २०१७ पासून वैद्यकीय प्रवेश पूर्णपणे नीटवर गेले. २०१९ पासून सीईटी संगणकावर होऊ लागली. आजच्या रचनेत सीईटीत अकरावीच्या भागाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या भागाला सुमारे ८० टक्के वजन असते. गणिताच्या प्रश्नाला दोन गुण आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. नीट ७२० गुणांची. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्याला एक गुण वजा. एकाच मुलाला बोर्ड, सीईटी, जेईई आणि नीट यांपैकी दोन-तीन परीक्षांची तयारी एकाच वेळी करावी लागते आणि प्रत्येकीची युक्ती वेगळी. नियम बदलला की पालक गोंधळतात, शाळा मागे राहते आणि क्लास महिन्याभरात नवी बॅच काढतो. शिकवणीच्या व्यवसायाला परीक्षांच्या या अस्थिरतेने सर्वांत मोठे बळ दिले.

त्यातून इंटिग्रेटेड किंवा टायअप पद्धत आली. विद्यार्थ्याचे नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि विद्यार्थी दिवसभर क्लासमध्ये, अशी ही व्यवस्था. तिला आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. प्रयोगशाळा, वाचनालय आणि क्रीडांगण असलेले महाविद्यालय ओस पडते आणि मुलांची दोन उमेदीची वर्षे प्रश्नसंचात जातात, हे या पद्धतीचे खरे नुकसान आहे.

कायदा, कर आणि खर्च

शिकवण्यांवर अंकुश ठेवण्याचे प्रयत्न अनेकदा झाले. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत शिक्षकांच्या खासगी शिकवण्यांवर बंधने आली. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली. त्यामुळे शाळेतले गुरुजी या व्यवसायातून बरेचसे बाहेर पडले आणि पूर्ण वेळ क्लास चालवणाऱ्यांचे क्षेत्र मोकळे झाले. क्लासवर १ जुलै २००३ पासून सेवाकर लागला. १ जुलै २०१७ पासून १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. क्लासचे नियमन करणाऱ्या कायद्याचा मसुदा राज्यात २०१८ च्या सुमारास चर्चेत होता. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश न देणे, खात्रीच्या गुणांची आश्वासने न देणे, मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी परत करणे आणि समुपदेशनाची सोय ठेवणे या बाबी आहेत.

या व्यवहाराचा आवाका मोठा आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१४ मधील ७१ व्या फेरीत देशातले सुमारे २६ टक्के, म्हणजे ७ कोटींहून अधिक विद्यार्थी शिकवणी घेत असल्याचे आढळले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा आणि क्लास एकदमच बंद पडले. मोबाईलवरच्या वर्गांमुळे खेड्यातल्या मुलालाही देशातल्या नामवंत शिक्षकांचे व्याख्यान कमी पैशांत ऐकता येऊ लागले. पण घरात एकच मोबाईल, तोही वडिलांच्या खिशात, अशा घरांतली मुले आणि विशेषतः मुली मागे पडल्या. शंका विचारायला समोर माणूस लागतो, हेही तेव्हा सर्वांना कळले. शाळा उघडल्यावर क्लास पुन्हा भरले ते यामुळेच.

इतिहासाचा निवाडा

दीडशे वर्षांच्या या प्रवासात एक सूत्र स्पष्ट दिसते. शाळा जे शिकवते आणि परीक्षा जे मागते, यांत जेवढे अंतर, तेवढी शिकवणीची गरज. मॅट्रिकच्या काळी ते अंतर इंग्रजीचे होते, बारावीच्या काळी माध्यमबदलाचे आणि आता ते बहुपर्यायी प्रश्नांचे व बदलत्या नियमांचे आहे. शिकवणीने अनेकांना हात दिला, हे नाकारता येत नाही. भाऊराव पाटलांसारख्या तरुणाला तिने पोटाला लावले आणि मराठी माध्यमातल्या हजारो मुलांना विज्ञानाच्या वर्गात टिकवून धरले. पण फीच्या बळावर ठरणारी संधी ही न्याय्य संधी नव्हे. बंदीच्या नुसत्या आदेशांनी शिकवण्या थांबलेल्या नाहीत आणि थांबणारही नाहीत.

ज्या उपायांनी फरक पडला, ते सगळे कोल्हापूरच्या इतिहासात आधीच करून पाहिलेले आहेत. बोर्डिंगांनी गरीब मुलाला राहायला जागा आणि अभ्यासाला सोबत दिली. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी जादा तास घेऊन खेड्यातली मुले गुणवत्ता यादीत आणली. हेच काम आता अकरावी-बारावीच्या पातळीवर व्हायला हवे. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात सीईटी आणि नीटचा मोफत सराव, मराठीतून इंग्रजीकडे नेणारे सुटीचे वर्ग, प्रत्येक प्रभागात रात्री उघडी राहणारी अभ्यासिका आणि प्रवेशाचे नियम निदान दोन वर्षे आधी जाहीर करण्याची हमी, एवढे झाले तरी क्लासवरचा भार बराच हलका होईल. राजर्षी शाहूंच्या जन्मगावाने आणि त्यांच्या करवीर नगरीने या कामात पुढाकार घ्यावा, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.